दोन्ही हात वर

सोमवार, ३ फेब्रुवारी

साहेबांनी आज आम्हा चार क्रेनवाल्यांना बोलावून नवी खोली दाखवली. थंडगार खोली, भिंतीवर मोठे पडदे, पडद्यांसमोर दोन खुर्च्या. "यापुढे वर चढायचं काम नाही," म्हणाले, "इथं बसूनच क्रेन चालवायची." आमच्यातल्या लंबूने विचारले, "खुर्च्या दोनच?" साहेब म्हणाले, "सध्या दोनच," आणि पाणी प्यायले. पुढचे आम्ही समजून घ्यायचे होते. महिनाभर शिकवणार, मग परीक्षा. दोघे खुर्चीत, दोघे घरी.

पुष्कळ वर्षांनी वही उघडली. गावच्या शाळेतले गुरुजी म्हणत, वही अशी लिहावी की परक्याच्या हाती लागली तरी त्याला अडू नये. तर तशीच लिहितो.

मी लोखंडाच्या यार्डात क्रेन चालवतो. यार्डाच्या दोन्ही कडांना रूळ, रुळांवर उभी लोखंडी कमान आणि कमानीच्या पोटाला टांगलेली माझी केबिन. केबिनची जमीन काचेची. पायांच्या मधून खाली बघायचे आणि पत्र्यांचे गठ्ठे, पाइप, गर्डर उचलून ठेवायचे. सगळी उमेदीची वर्षे तिथे गेली. माणसे मला चेहऱ्यापेक्षा टाळूवरून जास्त ओळखू येतात.

खाली बँडमास्टर असतो. भार हुकाला अडकवायचा आणि हातांनी मला इशारे करायचे, हे त्याचे काम. असे हात करतो की समोर जणू अख्खा बँड उभा आहे, म्हणून हे नाव. पिवळ्या हेल्मेटवर त्याने तांबड्या पट्टीची फुली चिकटवली आहे, केवळ मला वरून दिसावी म्हणून. बोट गोल फिरले की वर. तळवा दाबला की खाली. दोन्ही हात वर म्हणजे धोका, आहात तिथे थांबा. आणि दिवस संपला की तो दोन्ही हात छातीशी एकमेकांत अडकवतो. काम संपले. त्याच्या या खुणेआधी मी कधी खाली उतरलो नाही.

हुक खाली सोडण्याआधी मी देवाचे नाव घेतो. फार नाही, एक श्वास. वर भार आहे, खाली माणूस आहे आणि सगळे आपल्या हातात नाही, एवढे आठवायला तो पुरतो.

संध्याकाळी त्याला खुर्च्यांचे सांगितले. "म्हणजे महाराज आता जमिनीवर येणार!" म्हणाला. तो मला महाराज म्हणतो. मी विचारले, "आणि तुझं काय?" तर म्हणाला, "मी जमिनीवरच आहे. मला आणखी खाली कोण उतरवणार?"

गुरुवार, ६ फेब्रुवारी

शिकवणी सुरू झाली. मशीनच्या कंपनीचा ट्रेनर आला आहे. मुलगा सभ्य आहे, मला काका म्हणतो. त्याने हातात एक डबी दिली. दोन्ही तळव्यांत मावेल एवढी, वर दोन छोट्या दांड्या, अंगठ्यांनी हलवायच्या. डाव्या अंगठ्याने क्रेन सरकते. उजवा पुढे ढकलला की हुक खाली, मागे ओढला की वर.

केबिनमधला दांडा खाली न्यायला अख्खा दंड लागतो. भार किती आहे ते खांद्याला कळते. या डबीला वजनच नाही.

मी आज दोनदा गठ्ठा चुकीच्या ठिकाणी ठेवला. खोटा गठ्ठा, पडद्यावरचा, पण कान गरम झाले. लंबूला मात्र सगळे आधीपासून येत असल्यासारखे येते. ट्रेनरने मला नंतर बाजूला घेऊन पडद्यावर माझ्या कामाची एक रेघ दाखवली. रेघ सरळ जाते आणि मध्ये मध्ये तुटते.

"काका, प्रत्येक उचलीला इथं एक गॅप येतो. तेव्हा काय करता?"

देवाचे नाव घेतो, असे त्या थंड खोलीत म्हणवेना. "बघतो," म्हणालो.

"तो काढून टाका. मशीन वेळ मोजतं. तुमचे सगळे मार्क तिथं जातायत." मग म्हणाला, "घरात कुणी गेम खेळतं का? आमची डबी अगदी तशीच आहे. अंगठे सुटतील तुमचे."

"नाही," म्हणालो. हे खोटे होते.

रविवार, ९ फेब्रुवारी

आमच्या घरी माणसे दोन, मी आणि बायको, आणि गेम खेळते ती बायको. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा मेव्हणीने वेळ जावा म्हणून तिला हातात धरून खेळायचे यंत्र आणून दिले. गुडघा बरा झाला, यंत्र परत गेले नाही. दुपारी कामे आटोपली की ती खिडकीशी पाय लांब करून बसते आणि तिच्या अंगठ्यांची टकटक स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येते. मी आजवर हसण्यावारी नेले होते.

आज म्हणालो, "मला शिकव."

तिने चष्म्यावरून पाहिले. "ताप आहे का?"

खेळ वरून दिसतो, हे पाहून मला धीर आला. आमच्या यार्डासारखाच. एक खोली, तिच्या भिंती आणि मधोमध झगा घातलेला एक इवलासा माणूस. चेहरा नाही, फक्त टोपी. तो आपण. दारातून आत गेले की भिंतींतून मातीचे पांढरे बाहुले निघतात आणि अंगावर येतात. त्यांना चुकवायचे, मारायचे, दुसऱ्या दारातून पुढच्या खोलीत. सगळे इतके भराभर की पापणी लववली तर गेलात.

"अहो, चला ना! तो काय रांगेत उभा आहे?"

"बघू तर दे कोण कुठं आहे."

"बघायचं नसतं, पळायचं असतं. गेलात. बघा, गेलात. आता भिंतीला कशाला डोकं आपटताय त्याचं? गरिबाला आधीच कमी त्रास आहे का?"

मी म्हणालो, मारायला मला बरे वाटत नाही. ती म्हणाली, "मातीचे आहेत बाहुले. जीव नाही त्यांना." तरी मी पहिल्या खोलीत कुणालाही न मारता भिंतीकडेने जाऊन पाहिले. दार उघडत नाही. सगळे मेल्याशिवाय उघडतच नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आता कामावरून आलो की चहा आणि यंत्र. ती शेजारी बसून भाजी निवडते आणि मला बोलते.

आज कळले की मी प्रत्येक दारात थांबतो. नाव घेतो. माझ्या लक्षातही नव्हते. तिच्या आले.

"देवाचं नाव घेताय ना?"

"सवय आहे."

"मग घ्या मनात, आणि अंगठा चालू ठेवा. देव काही रागावत नाही. बाहुले रागावतात."

मनात घेऊन पाहिले. जमत नाही. अंगठा चालू असला की नाव अर्ध्यात राहते.

चौथ्या खोलीत एक मोठा बाहुला आहे. बाकीच्यांच्या तिप्पट. तो जवळ येतो, दोन्ही हात वर करतो आणि जमिनीवर असे आपटतो की खोली हादरते. त्याने हात वर केले की मी थांबतो. थांबलो की मरतो. आज तिथेच किती वेळा मेलो देव जाणे.

"तुम्ही थांबता का पण?" बायको वैतागली. "त्यानं दोन्ही हात वर केले की पुढे घुसायचं. थेट त्याच्या पोटात. मागं नाही, बाजूला नाही. हात वर दिसले की अंगठा पुढे."

"मला हात वर दिसले की थांबायची सवय आहे," म्हणालो.

"ती मोडा."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आजचे लिहावे की नाही ठरत नव्हते. लिहितो.

साहेब आणि ट्रेनर दोघांनी मला विचारले, खालच्या माणसाच्या हातवाऱ्यांची गरज किती? पडद्यावर सगळे दिसते, खालची जागा मोकळी आहे की नाही हे सांगणारा तांबडा-हिरवा दिवा आहे. मग त्याने फक्त हुक अडकवून बाजूला व्हावे की नाही? ट्रेनर माझ्या तोंडाकडे बघत होता. माझे मार्क लंबूच्या खाली आहेत आणि तिसऱ्या क्रेनवाल्याच्या बरोबरीचे.

मी म्हणालो, "सवयीनं करतो तो हात. गरज अशी नाही."

साहेबांनी मान डोलावली. ट्रेनरला माझे उत्तर आवडले, ते दिसलेच. मी खोटे बोललो का? पडद्यावर खरोखरच सगळे दिसते. त्याला काही घरी बसवलेले नाही, फक्त हात खाली ठेवायला सांगितले आहेत. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याच शेजारी येऊन बसला. "म्हणाले, हात खिशात घाल. मी म्हटलं, खिशात घातले तर हुक कशानं अडकवू, दातानं?" आणि स्वतःच हसला. कुणाचे ऐकून त्यांनी ते ठरवले, हे त्याने विचारले नाही. मीही सांगितले नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

जमले!

लिहायला लाज वाटते, पण उडी मारावीशी वाटली. मोठा बाहुला आला, त्याने हात वर केले आणि मला काही कळायच्या आत माझा अंगठा पुढे गेलेला होता. बाहुला फुटला. मी ठरवले नव्हते, अंगठ्याने ठरवले. पुढच्या खोलीत तसे दोन बाहुले, त्यापुढे तीन. हात वर, अंगठा पुढे. हात वर, अंगठा पुढे. ती भाजी निवडायची थांबली आणि बघत बसली.

"आता दुपारी माझा नंबर लागेल की नाही?" म्हणाली. पण खूश होती.

इतक्या वयात हात काही नवे शिकतात याचे नवल वाटले. गुरुजींनी पाटीवर अक्षरे गिरवून घेतली तेव्हा एक दिवस असाच आला होता, हात आपला आपण लिहायला लागला. देवाची कृपा.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

माझी रेघ आता तुटत नाही. ट्रेनरने सगळ्यांसमोर दाखवली. "काकांनी गॅप काढला बघा." मी लंबूच्या बरोबरीला आलो आहे. लंबू म्हणाला, "काका, काय खाता हल्ली?" बायकोची बोलणी, असे मनात आले पण बोललो नाही.

यार्डात सगळ्यांना नवी पांढरी हेल्मेट दिली. बँडमास्टरने लगेच वर तांबडी फुली चिकटवली. ट्रेनरने काढायला लावली, कॅमेऱ्याला कोरे पांढरे हेल्मेटच माणूस म्हणून ओळखता येते म्हणे. आता पडद्यावर सगळे सारखे. चालण्यावरून मी त्याला ओळखतो, पण बघावे लागते, आणि बघायला वेळ नसतो.

सुटताना तो फाटकाशी उभा होता. मी खोलीतून बाहेर आलो तसे त्याने दोन्ही हात छातीशी अडकवले. काम संपले. मी म्हणालो, "अरे, आता कशाला?" तर म्हणाला, "तू वर असलास काय, खोलीत असलास काय, सुट्टी मीच देणार."

मंगळवार, ४ मार्च

आज परीक्षा होती. खऱ्या क्रेनवर, खऱ्या भारावर, खोलीत बसून.

हात लिहायला तयार नाही. जेवढे जमेल तेवढे.

शेवटच्या उचलीला पत्र्यांचा गठ्ठा होता. खाली लाकडी ठोकळे मांडलेले असतात, गठ्ठा त्यांवर उतरवायचा. दिवा हिरवा होता. मी वेगाने आणला, हुक उतरत होता, साधारण छातीएवढ्या उंचीवर. एक ठोकळा कलंडला असावा. बँडमास्टर तो सरळ करायला आत गेला. नियमाने जायचे नव्हते, पण ठोकळा कलंडला की त्याने आत जाऊन सरळ करायचा आणि मी वर थांबायचे, हे आम्ही वर्षानुवर्षे करत आलो. त्याचा पाय ठोकळ्यांत अडकला. त्याने दोन्ही हात वर केले. मला दिसले. पांढरे हेल्मेट आणि दोन हात.

मी दांडी मागे ओढली. मी ओढलीच असणार. दुसरे काय करेन? पण गठ्ठा खाली गेला.

आवाज पडद्यातून येत नाही. ते बरे की वाईट, ठरवता येत नाही.

त्याला गाडीत घालून नेले. उजवा पाय. मी गाडीच्या मागे फाटकापर्यंत धावलो.

घरी येऊन हिला सांगितले. ती कणीक मळत होती. "भाऊजी?" एवढेच म्हणाली; बँडमास्टरला ती भाऊजी म्हणते. मी म्हणालो, त्याने हात वर केले होते, मला दिसले होते, तरी भार खाली गेला.

"कसे वर केले?"

मी करून दाखवले, दोन्ही हात डोक्यावर, तळवे पुढे. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग खाली बघितले. कणीक तशीच ठेवून हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. आज तिनेही जेवण केले नाही.

गुरुवार, ६ मार्च

पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

चौकशी झाली, अर्धा तास. कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर यायला किंचित उशीर होतो, असे ट्रेनर म्हणाला. साहेब म्हणाले, मुख्य गोष्ट अशी की माणूस जमिनीवर आखलेल्या तांबड्या पट्ट्याच्या आत होता, जिथे भार उतरताना कुणी जायचे नाही. मला विचारले, "तुम्ही काय केलंत?" मी म्हणालो, "दांडी मागे ओढली." ते म्हणाले, "अर्थात."

अर्थात. पण मला मागे ओढल्याचे आठवत नाही. पुढचे-मागचे सगळे आठवते, तेवढाच क्षण नाही. देवा, तो क्षण दाखव.

मंगळवार, ११ मार्च

कामावर वेळ जात नाही, घरीही जात नाही. मनाला दुसरीकडे लावावे म्हणून आज खेळायचे यंत्र शोधले. फळीवर नाही, उशीखाली नाही. हिला विचारले तर म्हणाली, "बहिणीला परत दिलं."

"अचानक?"

"तिचंच होतं."

"तुझ्याशिवाय तुला चैन पडणार आहे का त्याच्याशिवाय," असे काहीतरी उलटेसुलटे मी बोललो, हसवायला. ती हसली नाही. भांडी जोरात ठेवायला लागली. मी म्हणालो, माझ्यावर कशाचा राग? तर म्हणाली, "तुमच्यावर नाही हो," आणि तोंड फिरवले. पाय भाऊजींचा गेला, काम माझे जाण्याची वेळ आली आणि घरात राग यंत्राचा. बायकांचे मन कळत नाही.

शनिवार, १५ मार्च

निकाल लागला. खुर्च्या लंबूला आणि मला.

मी ट्रेनरला म्हणालो, परीक्षा तर माझी अर्धी राहिली. तो म्हणाला, "नाही काका, शेवटची उचलही धरली आहे. त्यातच तर तुम्ही सगळ्यांच्या वर गेलात." त्याने कागद नाही, पडदाच दाखवला. कुणी अचानक काही केले की हाताने किती वेळात उत्तर दिले, त्याचे मोजमाप. माझे सगळ्यात कमी. लंबूच्याही निम्मे.

मी ते बराच वेळ बघत उभा राहिलो. इतक्या लवकर उत्तर दिले होते, तर भार खाली का गेला?

रविवार, १६ मार्च

दवाखान्यात गेलो. ही बरोबर येते म्हणाली होती, निघताना डोके दुखते म्हणून राहिली.

बँडमास्टर खाटेवर बसून होता. चादर एका बाजूला सपाट. त्याच्या बायकोने मला खुर्ची दिली आणि स्वतः बाहेर गेली. ती माझ्याशी बोलली नाही.

"या महाराज. खुर्ची मिळाली म्हणे?"

"मिळाली."

"बरं झालं. ही पण घ्या, लाकडाची आहे, पण चालेल." मग हळू आवाजात म्हणाला, "एक विचारू? साहेब आले होते. म्हणाले, तू हात केलेच नाहीस. किंवा उशिरा केलेस. मी बायकोला सांगतोय, मी केले होते. पण दिवसभर पडून पडून आता मलाच कळेना झालंय. केले होते ना मी? तुला दिसले ना?"

"दिसले."

"वेळेवर?"

"वेळेवर."

"असेच ना?" म्हणाला आणि खाटेवर बसल्या बसल्या त्याने दोन्ही हात वर केले. डोक्याच्या वर, तळवे माझ्याकडे.

माझे हात मांडीवर होते. उजवा अंगठा पुढे गेला.

मी तो बघितला. मी सांगितले नव्हते, मनात काही नव्हते, हातात डबीही नव्हती. पँटच्या कापडावर अंगठा पुढे सरकला आणि तिथे दाबून राहिला. हात वर, अंगठा पुढे.

"बघ," तो म्हणाला आणि मागे टेकला. त्याच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी आलेला आराम होता. "म्हणजे मशीनच. मी म्हणतच होतो. तू असा नाहीस, मी असा नाही, म्हणजे मशीनच."

अंगठा मुठीत धरून घरी आलो.

ही दारातच उभी होती. माझ्याकडे पाहिले आणि तिला कळले की मला कळले.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"त्याच दिवशी. तुम्ही हात वर करून दाखवलेत तेव्हा."

"बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मीच तर शिकवलं." मग रडायला लागली. मी तिला म्हणालो, शिकलो मी. पण मनातून म्हणालो की नुसते तोंडाने, मलाच नीट कळले नाही.

मंगळवार, १८ मार्च

साहेबांना जाऊन सांगितले. त्याने हात वेळेवर केले होते. मी दांडी मागे ओढली नाही, पुढे ढकलली.

साहेबांनी ट्रेनरला बोलावले. ट्रेनर म्हणाला, तशी नोंद नाही.

"तुमचं मशीन म्हणतं ना, मी सगळ्यात लवकर हात हलवला? मग तो कुठं हलवला ते नाही सांगत?"

"काका, आम्ही वेळ मोजतो. दिशा नाही मोजत." थोडा ओशाळला. "कुणी उलटीकडे ढकलेल असं गृहीतच नाही."

साहेबांनी दार लोटून घेतले. "हे बघा. चौकशी संपली आहे. तुम्ही चांगले माणूस आहात, मनाला लावून घेताय. आठवडाभरात खुर्चीत बसलात की वाटेल ठीक."

"निदान त्यानं हात केले होते एवढं तरी लिहा."

"त्यानं त्याचा पाय येणार आहे का?"

मी उभा राहिलो. मग उभे राहण्यातही काही उरले नाही. खुर्ची नको, असे शब्द ओठांवर आले होते. ते मी गिळले. घरी दुसरा कुणी कमावणारा नाही, या वयात मला दुसरीकडे कोण घेणार, असे सगळे खरे आहे. पण गिळले ते गिळले. मशीनने वेळ मोजला असता तर तोही कमीच भरला असता.

रविवार, २३ मार्च

बँडमास्टरला सांगितले. ही बरोबर होती. तिनेच आधी सुरुवात केली, "भाऊजी, माझं ऐका," म्हणून. मग मी पुढचे बोललो. खेळ, मोठा बाहुला, अंगठा. आणि जे कुणी विचारले नव्हते तेही, की हातवाऱ्यांची गरज नाही असे साहेबांना म्हणणारा मीच होतो.

तो ऐकत राहिला. त्याला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी सुचते. मी वाट पाहत होतो. काहीही म्हणाला असता तरी चालले असते.

"बाहुला," एवढेच म्हणाला. बराच वेळ चादरीच्या सपाट बाजूकडे बघत होता. "वहिनी, तुम्ही घरी जा. ऊन लागेल."

ती उठली. मीही उठलो. त्याने माझ्याकडे पाहिले, दोन्ही हात छातीशी आणले आणि एकमेकांत अडकवले.

मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो, तो हात सोडेल म्हणून. त्याने सोडले नाहीत.

सोमवार, २४ मार्च

आज खुर्चीत बसलो. खोली थंड होती. खाली नवा माणूस, पांढरे हेल्मेट. मला त्याची टाळू माहीत नाही.

पहिला गठ्ठा उचलला, जागेवर आणला, दिवा हिरवा झाला. त्याच वेळी खालच्या माणसाने हेल्मेट सारखे करायला दोन्ही हात डोक्याकडे नेले. माझा अंगठा निघाला होता. मी डबीच सोडून दिली. ती मांडीवर पडली आणि गठ्ठा आहे तिथे लोंबत राहिला.

"काय झालं काका?" कानावरच्या हेडफोनमधून ट्रेनरचा आवाज. "हिरवा आहे. उतरवा."

मी म्हणालो, "नाव घेतोय."

"काय घेताय?"

मी सांगितले, देवाचे नाव. शेजारच्या खुर्चीतून लंबू माझ्याकडे बघत होता. मी डोळे मिटले. नाव येईना. इतकी वर्षे श्वासासारखे येत होते, ते येईना. त्या जागी हिचा आवाज येत होता, अंगठा पुढे, अंगठा पुढे.

डोळे उघडले तर पडद्याच्या कोपऱ्यात तांबडी अक्षरे लुकलुकत होती. विलंब. माणूस बाजूला जाऊन वर बघत उभा होता, वर कुणी नाही हे त्याला माहीत असूनही.

नाव येईल तेव्हा येईल. तोवर मी गठ्ठा वरच ठेवला.